पुडीच्या बाजूने पाहिलेला धंदा

अमली पदार्थांच्या धंद्यावरचं पुस्तक म्हटलं की वाचकाला आधी नावं लागतात. माल कुणाचा, कुठल्या बंदरात उतरला, वरदहस्त कुणाचा होता आणि शेवटी कुणी कुणाला उडवलं. एस. हुसेन झैदी यांच्या ‘डोंगरी टू दुबई’सारख्या पुस्तकांनी हा प्रकार घराघरांत पोचवला. ही पुस्तकं हातातून सुटत नाहीत, पण वाचून झाल्यावर एक प्रश्न तसाच राहतो. एवढे टोळीवाले मेले, पळाले, आत गेले. मग धंदा चालू कसा?

या प्रश्नाचं उत्तर मराठीत फार आधी लिहून झालं आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर अनिल अवचटांचे ब्राउन शुगरवरचे लेख आले आणि त्यांचं ‘गर्द’ हे पुस्तक झालं. त्यात टोळीप्रमुख हा नायक नाही. आहेत ती व्यसनात सापडलेली पोरं, त्यांचे हवालदिल आईबाप आणि चिमूटभर पावडरीची पुडी.

येवल्यात पैठणी घ्यायला आलेली जाणती बाई आधी पदर उलटा करून बघते. हातमागावरच्या अस्सल पैठणीची मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ असते, आणि यंत्रावर काढलेल्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. अवचटांनी अमली पदार्थांचा धंदा असा उलटा करून पाहिला. म्हणून चाळीस वर्षांनंतरही ते पुस्तक उपयोगी पडतं, आणि नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला तर आज जरा जास्तच.

डॉक्टरकी सोडलेला बातमीदार

अवचट मूळचे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे, जन्म १९४४चा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि दवाखाना थाटून बसण्याऐवजी लिहायला लागले. बिहारच्या दुष्काळावरचं ‘पूर्णिया’ १९६९ साली आलं. त्यांची पद्धत तेव्हाच ठरली होती. जागेवर जायचं, माणसांशी बोलत बसायचं, जे दिसलं ते साध्या शब्दांत लिहायचं आणि निष्कर्ष वाचकाच्या डोक्यावर आदळायचा नाही.

त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. ब्राउन शुगरच्या आहारी गेलेल्या मुलांना घेऊन हताश आईबाप त्या काळी अशाच ठिकाणी पोचत. व्यसन हा आजार आहे आणि त्याला वेगळे उपचार लागतात, ही समज तेव्हा डॉक्टरांतही सार्वत्रिक नव्हती. समाजाच्या लेखी ही पोरं वाया गेलेली आणि पोलिसांच्या लेखी भुरटे चोर. अवचटांना लिखाणाचा विषय घराच्या इतक्या जवळ मिळाला होता. डॉक्टरी शिक्षणामुळे शरीरात काय चाललं आहे ते त्यांना कळत होतं, आणि बातमीदारीमुळे शरीराबाहेर काय चाललं आहे तेही.

हे लेख पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी वाचले. ते नुसते हळहळले नाहीत, मदतीला पुढे आले. त्यांच्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं आणि अनिताताईंनी ते उभं केलं. गुन्ह्यावरच्या लिखाणामुळे एखादी फाइल पुन्हा उघडल्याची उदाहरणं सापडतात. लिखाणामुळे दवाखाना उभा राहिल्याचं दुसरं उदाहरण मराठीत मला आठवत नाही.

पन्नी, काडी आणि नळी

ब्राउन शुगर म्हणजे अर्धवट शुद्ध केलेलं हेरॉइन, तेही भेसळीचं. हेरॉइन मुळात औषध म्हणून बाजारात आलं होतं. जर्मनीच्या बायर कंपनीने १८९८च्या सुमारास ते खोकल्यावरचं औषध म्हणून विकायला काढलं, आणि मॉर्फिनसारखी याची सवय लागत नाही असा समज पसरला. तो समज किती महागात पडला हे जगाने नंतर पाहिलं.

गर्दच्या, म्हणजे याच ब्राउन शुगरच्या, नशेला सामान फार लागत नाही. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी, काडेपेटी आणि कागदाची किंवा नोटेची गुंडाळी. पन्नीवर चिमूटभर पावडर ठेवायची, खालून काडी फिरवायची आणि पावडर वितळून धावू लागली की तिचा धूर नळीने ओढायचा. सुई नाही, रक्त नाही. त्यामुळे पहिल्यांदा ओढणाऱ्याला ही मोठी गोष्ट वाटतच नाही. सिगारेट ओढणारा मुलगा आणि गर्द ओढणारा मुलगा यांच्यामध्ये एका मित्राच्या आग्रहाएवढंच अंतर असतं.

खरी गोष्ट सुरू होते ती माल मिळाला नाही त्या दिवशी. पोरांच्या भाषेत ‘टर्की’ लागते. नाक आणि डोळे गळायला लागतात, हाडं ठणकतात, पोटात कळा येतात, उलट्या-जुलाब होतात, अंगावर काटा येतो आणि झोप पार उडते. हे काही दिवस चालतं आणि हळूहळू ओसरतं. पण पुडी घेतली की ते काही मिनिटांत थांबणार असतं आणि त्या पोराला हे माहीत असतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांची मजा संपली की त्यानंतरची प्रत्येक पुडी मजेसाठी नसते, ‘टर्की’ टाळण्यासाठी असते. मग घरातली भांडी, बहिणीची अंगठी, वडिलांचं घड्याळ एकेक करून नाहीसं होऊ लागतं.

घरातलं विकून संपलं की दोनच वाटा उरतात, चोरी किंवा विक्री. चार पुड्या विकल्या की पाचवी स्वतःला सुटते. ज्याने ओढायला शिकवलं तो मित्र असतो आणि ज्याला आपण शिकवतो तोही मित्रच. या धंद्याला जाहिरात, दुकान किंवा पगारी विक्रेता लागत नाही, कारण गिऱ्हाईकच पुढचं गिऱ्हाईक शोधून आणतं. वरचा मोठा माणूस पकडला गेला तर माल काही दिवस महागतो, त्याची जागा दुसरा घेतो आणि खालची साखळी जशीच्या तशी राहते. एवढे टोळीवाले संपूनही धंदा का संपला नाही, त्याचं उत्तर या चार पुड्यांच्या हिशेबात आहे.

माल येतो कुठून

१९८०च्या आधी भारतात अफू होती, गांजा होता, भांग होती, पण हेरॉइन रस्त्यावर सहज मिळत नव्हतं. चित्र बदललं ते १९७९नंतर. त्या एका वर्षात इराणात क्रांती झाली, पाकिस्तानात अफूवर बंदीचा हुकूम निघाला आणि वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्या पट्ट्यातली अफू जुन्या वाटांनी पश्चिमेकडे जाईना. सरहद्दीवरच्या टोळी प्रदेशात हेरॉइनच्या भट्ट्या लागल्या, आणि माल बाहेर काढण्याच्या वाटांपैकी एक राजस्थान आणि मुंबईमार्गे होती. जिथून माल पुढे जातो तिथे थोडा सांडतोच. शिवाय आपल्याकडे मंदसौर, नीमच, चित्तोडगड, बाराबंकी या भागांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते. तिथून चोरून निघणाऱ्या अफूची भर होतीच.

आपल्या भागाला या व्यापाराचा शेजार नवा नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईला येऊन चीनला जाई. ईस्ट इंडिया कंपनीने आधी हा व्यापार स्वतःच्या मुठीत ठेवण्याचा प्रयत्न केला. तेव्हा व्यापाऱ्यांनी माल राजस्थान-सिंधमार्गे कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला नेऊन कंपनीला चकवलं. शेवटी कंपनीने हार मानली आणि १८३१च्या सुमारास दर पेटीला १७५ रुपये घेऊन परवाना देणं सुरू केलं. तरीही माल चोरवाटेने जातच होता, म्हणून १८३५मध्ये दर १२५ रुपयांवर आणला. त्यानंतर इंदूर-उज्जैनकडची अफू धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक अशी आग्रा रस्त्याने उघडपणे मुंबईला येऊ लागली. हा रस्ता येवल्याच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर आहे. या व्यापारातून मुंबईत पेढ्या उभ्या राहिल्या आणि त्यातल्या पैशातून धर्मादाय कामंही झाली. सर जमशेटजी जीजीभॉय हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. १८३९मध्ये चीनच्या लिन झेशू या अधिकाऱ्याने वीस हजारांवर पेट्या अफू नष्ट केली आणि त्यावरून इंग्रजांनी युद्ध पुकारलं, तेव्हा त्या पेट्यांत माळव्याचा मालही होता.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की अमली पदार्थ हा ‘बाहेरून आलेला’ रोग आहे, असं म्हणायची सोय आपल्याला नाही. एकेकाळी माल आपल्या रस्त्यांवरून राजरोस जात होता, आणि त्याचे बळी दूर देशात असल्याने इथे कुणाला त्याची टोचणी नव्हती. १९८०च्या दशकात बळी आपल्या घरात निघाले, तेव्हा ‘गर्द’ लिहावं लागलं.

कायदा वजनावर चालतो

पोरं गर्दला लागली तेव्हा देशात जुने कायदे चालू होते. १८५७ आणि १८७८चे अफूचे कायदे आणि १९३०चा घातक औषधांचा कायदा. या शेवटच्या कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा ३ वर्षांची होती, पुन्हा गुन्हा केला तर ४. आंतरराष्ट्रीय टोळ्यांना ही शिक्षा म्हणजे धंद्यातला किरकोळ खर्च. म्हणून १४ नोव्हेंबर १९८५पासून एनडीपीएस हा कडक कायदा आला आणि १९८६च्या मार्चमध्ये नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोची स्थापना झाली. किमान १० वर्षं सक्तमजुरी ही आता मोठ्या गुन्ह्याच्या शिक्षेची सुरुवात झाली. १९८९च्या दुरुस्तीने जामीनही अवघड केला.

सुरुवातीच्या कायद्यात पुडीवाला आणि पोतीवाला यांच्यात पुरेसा फरक नव्हता. २००१च्या दुरुस्तीने तो आणला. आता शिक्षा वजनावर ठरते. हेरॉइन ५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर अल्प मात्रा आणि २५० ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर व्यापारी मात्रा. गांजासाठी हे आकडे १ किलो आणि २० किलो. ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोनसाठी २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. भेसळ करून वजन वाढवलेल्या मालाचं काय, हा वाद अनेक वर्षं चालला. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग खटल्यात तो मिटवला. शुद्ध अंश किती आहे ते बघायचं नाही, मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं.

याच कायद्यात दोन कलमं अशी आहेत की ती पोलीस ठाण्याच्या पायरीवर क्वचितच कुणी सांगतं. ६४-अ कलमानुसार, सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. ३९व्या कलमानुसार, अशाच प्रकरणात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. म्हणजे व्यसनी माणसाला गुन्हेगारापासून वेगळं काढण्याची सोय कायद्याने करून ठेवली आहे. आपल्या मुलाला पकडलं म्हणून धाय मोकलून रडणाऱ्या आईला ही दोन कलमं माहीत असली, तर ती वकिलाला नेमका प्रश्न विचारू शकेल.

शिंदे गाव ते ससून

२०२३चा ऑक्टोबर महिना नाशिककर विसरणार नाहीत. मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिक-पुणे महामार्गावरच्या शिंदे गावात छापा घातला आणि मेफेड्रोनचा कारखानाच उघडा पडला. त्या तपासात सुमारे १५० किलो माल सापडला आणि पोलिसांनी त्याची किंमत ३०० कोटींच्या घरात सांगितली. येवल्याहून शिंदे गाव दोन तासांच्या आत गाठता येतं. द्राक्षं, कांदे आणि कारखान्यांचा हा जिल्हा रातोरात वेगळ्याच कारणाने टीव्हीवर झळकू लागला.

या प्रकरणाचा दुसरा धागा पुण्यात होता. सप्टेंबरच्या शेवटी ससून रुग्णालयाबाहेर पावणेदोन किलोच्या आसपास एमडी पकडलं गेलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याचा सूत्रधार रुग्णालयाच्या आतच होता. आधीच्या एका अमली पदार्थ प्रकरणातला हा न्यायाधीन कैदी येरवडा कारागृहातून उपचारासाठी आणलेला होता आणि कित्येक महिने वॉर्ड क्रमांक १६मध्ये मुक्काम ठोकून होता. २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या दिवशी, तो ससूनमधून पळाला आणि पंधरवड्यानंतर बेंगळुरूजवळ पकडला गेला. कुणी किती गुन्हा केला ते न्यायालय ठरवेल. आपल्याला इथे फक्त पत्ते बघायचे आहेत.

बी. जे. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय म्हणजे ससून. ‘गर्द’ लिहिणारा माणूस याच वॉर्डांतून हिंडत डॉक्टर झाला. ‘गर्द’मधून जन्मलेलं मुक्तांगण येरवड्याचं आणि कैदी जिथून आणला ते कारागृहही येरवड्याचं. व्यसन सोडवण्याचा महाराष्ट्रातला एक मोठा प्रयोग जिथे सुरू झाला, त्याच परिसरातल्या व्यवस्थेच्या भोकांतून हा धंदा चालत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर संपादकाने ‘फार जुळवून आणलंय’ म्हणून खोडलं असतं.

पुढच्याच फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी विश्रांतवाडी, कुरकुंभ, दिल्ली आणि सांगलीकडे मिळून १,८०० किलोंच्या आसपास मेफेड्रोन पकडलं आणि त्याची किंमत ३,६०० कोटींच्या वर सांगितली. कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. ‘गर्द’च्या काळात माल सरहद्द ओलांडून येत होता. आता तो आपल्याच औद्योगिक वसाहतींच्या शेडमध्ये बनतो, आणि रसायनशास्त्र शिकलेली माणसं तो बनवतात.

मेफेड्रोन मात्र नवं नाही. प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा १९२९मध्ये तयार झालं आणि विस्मरणात गेलं. या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी जुनी कृती उकरून काढली आणि ते इंटरनेटवरून पसरलं. ब्रिटनने एप्रिल २०१०मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे ते एनडीपीएसच्या यादीत आलं फेब्रुवारी २०१५मध्ये. तोवर मुंबईच्या गल्ल्यांत ते ‘म्याव म्याव’ नावाने रुळलं होतं आणि ते विकणाऱ्याला या कायद्याखाली पकडता येत नव्हतं. मधल्या पाच वर्षांत साखळी तयार झाली. बंदी आली तेव्हा ती मोडायला उशीर झाला होता.

औषधाच्या दुकानातून

येवल्यासारख्या गावाला कारखान्यापेक्षा जवळचा धोका औषधाच्या दुकानातून येतो. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ हे नाव वर्षानुवर्षं ऐकू येतं. ही बहुधा अल्प्राझोलामची गोळी असते. चिंता आणि झोपेच्या तक्रारींवर डॉक्टर ती देतात, आणि प्रमाणात, थोड्या दिवसांसाठी घेतली तर ती उपयोगाची आहे. तीच एका वेळी मूठभर घेतली, वर दारू किंवा दुसरी नशा केली, तर माणूस बेभान होतो आणि केलेलं त्याला आठवतही नाही. मारामाऱ्यांच्या बातम्यांत या गोळीचं नाव वारंवार येतं ते याच कारणाने. सवय लागलेल्याने ती एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते.

ही गोळी ‘एच-१’ सूचीत आहे. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाही, आणि देताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती दिली हे वेगळ्या वहीत लिहायचं, ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम २०१४पासून आहे. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांनाही हाच नियम लागतो. नियम चांगला आहे. मात्र तो दुकानदाराच्या वहीत राहतो, आणि ती वही बघायला येणारे निरीक्षक जिल्ह्यातल्या दुकानांच्या मानाने फार थोडे असतात. एका दुकानदाराने नियम पाळला तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं. यात कुठे टोळी नाही, पिस्तूल नाही, समुद्र नाही, म्हणून यावर कुणी सिनेमा काढत नाही.

आणि येवला चौरस्त्यावरचं गाव आहे. नाशिक-छत्रपती संभाजीनगर रस्ता आणि मनमाड-अहिल्यानगर रस्ता इथे एकमेकांना छेदतात, दौंड-मनमाड लोहमार्ग इथून जातो, शिर्डीची गर्दी इथून वळते, कांद्याचे ट्रक रात्रभर धावतात. जिथे रस्ते मिळतात तिथे चांगलं-वाईट दोन्ही उतरतं.

डोक्यातलं जुनं चित्र

‘गर्द’ आज वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. त्या काळाने ‘गर्दुल्ल्या’चं जे चित्र आपल्या डोक्यात बसवलं, ते अजून तसंच आहे. हाडकुळा, मळकट, डोळे अर्धे मिटलेले, पुलाखाली पडलेला. हेरॉइनचं ते खरं चित्र आहे, कारण हेरॉइन माणसाला गुंगीत ढकलतं. एमडी नेमकं उलटं वागतं. ते घेणारा मुलगा सुरुवातीला तरतरीत दिसतो, भरभर बोलतो, रात्र-रात्र जागतो, त्याला भूक लागत नाही आणि थकवा येत नाही. आईबाप म्हणतात, पोरगं मेहनती झालंय. परीक्षेचा अभ्यास, जिम, रात्रपाळी, काहीही कारण पुरतं. मग काही महिन्यांनी संशय सुरू होतो. माझ्यामागे कुणी आहे, फोनमध्ये कुणी बघतंय. चिडचिड, मारझोड आणि नंतर येणारी कमालीची उदासी. तोवर आई रोज रात्री खिसे तपासत असते, पण पन्नी आणि जळकी काडी शोधत असते. मेफेड्रोनला त्यांची गरज नसते.

म्हणून लक्षण शोधायचं ते वागण्यातल्या बदलात. झोपेची वेळ अचानक बदलणं, जुने मित्र तुटून नवे जुळणं, पैशांचा हिशेब न लागणं, घरातल्या वस्तू हरवणं, बंद खोलीतले तास वाढणं. यातली एकेक गोष्ट वयात येणाऱ्या कुठल्याही मुलात दिसू शकते. तीन-चार एकदम आणि थोड्या काळात दिसल्या तर विचारावं, आणि विचारताना आवाज चढवू नये.

पुडीच्या दुसऱ्या टोकाला

पुस्तकाचा सर्वांत महत्त्वाचा भाग पुस्तकाबाहेर घडला, तो म्हणजे मुक्तांगण. तिथे दाखल झालेला माणूस पाच आठवडे राहतो. शरीरातलं विष उतरायला त्यातले पहिले थोडे दिवस पुरतात. उरलेला काळ मन सावरायला आणि घरच्यांशी तुटलेलं जोडायला लागतो. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे पुढच्यांना सांभाळतात. चार पुड्या विकून पाचवी मिळवणारी साखळी जशी माणसाकडून माणसाकडे जाते, तशीच ही दुसरी साखळीही जाते, फक्त उलट दिशेने. व्यसनींच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, कारण नवऱ्याच्या व्यसनाची सगळ्यात मोठी किंमत तिने मोजलेली असते. अनिताताई १९९७मध्ये गेल्या, अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर हे काम पुढे नेत आहे.

ही गरज किती मोठी आहे याचा अंदाज केंद्र सरकारच्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीवरून येतो. देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूजन्य पदार्थ घेतात आणि त्यातल्या ७७ लाखांना त्यासाठी मदतीची गरज आहे. दारू पिणारे १६ कोटी. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसले ना कसले उपचार मिळतात. ‘गर्द’ची चर्चा करताना दारूचा आकडा विसरून चालणार नाही, गावात सर्वांत जास्त घरं तिनेच मोडली आहेत.

छापे पडायलाच हवेत. शिंदे गावचा कारखाना बंद झाला नसता तर त्यातला माल कुठे कुठे पोचला असता, याची कल्पनाही नको. पण छाप्यात किलो सापडतात आणि धंदा चालतो ग्रॅमवर. किलो पकडणं पोलिसांचं काम आहे. ग्रॅमचं गिऱ्हाईक कमी करणं हे घराचं, शाळेचं, डॉक्टरचं, औषधाच्या दुकानदाराचं आणि शेजाऱ्याचं काम आहे. ‘गर्द’ने हे चाळीस वर्षांपूर्वी सांगितलं आणि आपण अजून टोळीवाल्यांची नावं पाठ करतो आहोत.

घरात किंवा शेजारी कुणी अडकलं असेल तर बदनामीच्या भीतीने वेळ घालवू नका. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. फोनला पैसे पडत नाहीत. विक्रीची माहिती द्यायची असेल तर नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोचा १९३३ हा क्रमांक आहे आणि नाव गुप्त राहतं. दोन्ही क्रमांक आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा, आणि ‘गर्द’ची एक प्रत गावच्या वाचनालयात आहे का ते बघा. नसेल तर मागवायला सांगा.